शिक्का आणि मोर्तब

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वधू-वर सूचक आणि हवामानाच्या चौकटीच्या मध्ये कुठेतरी रेल्वेची निविदा सूचना असते. एखाद्या फलाटाचं छप्पर दुरुस्त करायचं असतं, कुठे रुळांखालची खडी बदलायची असते, कुठे प्रतीक्षालयाच्या साफसफाईचं वर्षभराचं कंत्राट द्यायचं असतं. अक्षर इतकं बारीक की चष्मा कपाळावरून नाकावर आणावा लागतो. आणि त्या बारीक अक्षरांत पहिल्याच ओळीत म्हटलेलं असतं, की ही निविदा भारताच्या राष्ट्रपतींकरिता आणि त्यांच्या वतीने मागवण्यात येत आहे. लहानपणी मला हे वाचून राष्ट्रपतींची फार कणव यायची. एवढ्या मोठ्या वाड्यात राहणारा माणूस, आणि खडीचे दर बघत बसलाय.

पुढे घटना वाचायला घेतली तेव्हा कळलं, की ती ओळ रेल्वेच्या कारकुनाची हौस नव्हे. कलम २९९ तसं सांगतं: केंद्राचा करार राष्ट्रपतींच्या नावाने व्हायला हवा. त्याच कलमात लगेच दिलासाही आहे, की त्या करारापायी राष्ट्रपती व्यक्तिशः बांधले जाणार नाहीत. कलम ७७ तर सरसकट म्हणतं, भारत सरकारची कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने व्यक्त होईल. राज्यांत हेच काम राज्यपालांचं. आमच्या घरी वडिलांनी जपून ठेवलेल्या शासन निर्णयांची जाड फाइल होती, प्रत्येकाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ आणि खाली सही कुणा उपसचिवाची. वेतनश्रेणीत दहा रुपयांचा फरक पडला तरी राज्यपालांचं नाव. वडील ती ओळ न वाचताच पान उलटायचे. सही कुणाची ते बघायचे.

घटनेच्या पाचव्या भागाचं पहिलं प्रकरण एखाद्या गद्यकृतीसारखं वाचावं असं मला नेहमी वाटत आलं आहे, आणि त्याला कारण ही नाव आणि सही यांच्यातली फट. कायद्याचा मजकूर म्हटला की आपण अर्थ शोधतो, रचना बघत नाही. इथे रचनेतच अर्थ आहे.

सुरुवात ५२ व्या कलमाने. भारताला एक राष्ट्रपती असेल, एवढंच ते सांगतं. अख्ख्या घटनेतल्या सर्वांत लहान कलमांपैकी हे एक. एखाद्या कथेची पहिली ओळ असावी, ‘एक होता राजा’, तसा त्याचा घाट. मराठीत वाचताना आणखी एक गंमत लक्षात येते. आपली वर्तमानपत्रं आदरार्थी लिहितात: राष्ट्रपती आले, म्हणाले, रवाना झाले. घटनेची मराठी प्रत मात्र त्यांना एकवचनात बोलावते. राष्ट्रपती नेमील, बोलावील, विसर्जित करील. आमच्या बाजूला असा एकेरी फक्त देवाला, आईला आणि शिवाजीला. घटना यांपैकी कुठल्या भावनेने एकेरी येते ते ठरवणं अवघड आहे. बहुधा कुठल्याच नाही. पदाला मान असतो, कायद्याच्या वाक्याला नसतो.

मग ५३ वं कलम. संघराज्याची सगळी कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी असेल. वाचणारा सावरून बसतो. पण त्याच वाक्यात पुढे, ती सत्ता ‘या संविधानानुसार’ वापरली जाईल असे दोन शब्द आहेत. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवताना दाराची कडी बाहेरून अलगद लावावी तसे. पुढच्या उपकलमात संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य येतं, आणि तेही लगेच कायद्याने नियंत्रित होतं. देणं आणि आवरणं एका श्वासात. हे घटनाकारांचं या प्रकरणातलं आवडतं वळण आहे आणि ते पुन्हा पुन्हा येतं.

निवडणुकीची कलमं मी भराभर उलटतो. ज्यांना आकडेमोड आवडते त्यांच्यासाठी ती मेजवानी आहे: आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवर ठरतं, म्हणून महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५, गोव्याचं २०, सिक्कीमचं ७. एवढंच ध्यानात ठेवावं, की राष्ट्रपती निवडून येतात खासदार-आमदारांच्या मतांनी. तुमच्या-माझ्या मतांनी थेट आले असते तर पुढची सगळी कलमं वेगळी लिहावी लागली असती.

कारण पुढे क्रियापदांची रास आहे. राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात. न्यायाधीश नेमतात, राज्यपाल नेमतात. संसदेची अधिवेशनं बोलावतात, लोकसभा विसर्जित करतात. विधेयकाला संमती देतात, संसद बसलेली नसताना अध्यादेश काढतात, फाशी माफ करतात, आणीबाणी पुकारतात. प्रत्येक वाक्याचा कर्ता तोच. घटनेची फक्त ही पानं फाडून एखाद्या परक्या माणसाला वाचायला दिली तर दिल्लीत अजून बादशाही चालू आहे अशी त्याची खात्री पटेल.

आणि या राशीच्या मधोमध ७४ वं कलम बसलेलं आहे. अत्यंत साधं. पंतप्रधान ज्याच्या प्रमुखस्थानी आहेत असं एक मंत्रिमंडळ असेल, आणि ते राष्ट्रपतींना त्यांची कार्यं पार पाडताना सहाय्य करील, सल्ला देईल. १९५० साली ते एवढंच म्हणत होतं. सहाय्य आणि सल्ला. मराठी माणसाला सल्ला म्हणजे काय ते नीट ठाऊक आहे. तो मागितला नसतानाही मिळतो, फुकट मिळतो, आणि मान डोलावून सोडून देता येतो. मग राष्ट्रपतींनीही तसंच केलं तर? मूळ कलम यावर गप्प होतं.

हे मौन चुकून राहिलेलं नव्हतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा घटना समितीपुढे मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी राष्ट्रपतींची जागा नेमकी सांगितली होती. इंग्लंडच्या राजासारखी ती असेल. राष्ट्रपती राज्याचे प्रमुख, पण कार्यकारी मंडळाचे प्रमुख नव्हेत. ते राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतील, राज्य करणार नाहीत. आणि मग त्यांनी एक प्रतिमा वापरली. राष्ट्राचे निर्णय ज्या मोहोरेने जाहीर होतात, त्या मोहोरेवरच्या शोभेच्या चिन्हासारखं राष्ट्रपतींचं प्रशासनातलं स्थान आहे, असं ते म्हणाले. कायदेपंडिताच्या भाषणात अशी प्रतिमा क्वचित येते. मोहोर नव्हे, मोहोर उमटवणारा हातही नव्हे. मोहोरेवरचं चिन्ह.

हे वाचताना मराठी वाचकाला शिवकालीन पत्रं आठवल्याशिवाय राहत नाहीत. पत्राच्या माथ्यावर शिक्का, आणि मजकूर संपला की खाली मोर्तब: ‘मर्यादेयं विराजते’. इथे मर्यादा आली, याच्या खाली कुणी काही लिहू नये. आपण ‘शिक्कामोर्तब झालं’ असं एका दमात म्हणतो आणि ते दोन वेगळे ठसे होते हे विसरून जातो. शिक्का कुणाच्या नावाने ते सांगतो, मोर्तब कुठवर ते सांगतं. ७७ वं कलम राष्ट्रपतींचा शिक्का आहे. मोर्तब ७४ वं, आणि १९५० मध्ये ते पुरेसं उठलं नव्हतं.

राष्ट्रपतींनी कसं वागावं याच्या सूचनांचा एक लेख घटनेला परिशिष्ट म्हणून जोडावा असा विचार झाला होता. घटना समितीने शेवटी तो बाजूला ठेवला. संकेत पुरेसा आहे, इंग्लंडातही लिहिलेलं कुठे आहे, असा युक्तिवाद. २६ नोव्हेंबर १९४९ ला समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी समारोपात ही गोष्ट बोलून दाखवली, की मंत्र्यांचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे असं घटनेत स्पष्ट कुठे लिहिलेलं नाही. संकेत मात्र तसाच रुजेल अशी आशा आहे. दोन महिन्यांनी तेच पहिले राष्ट्रपती झाले. १९५१ साली हिंदू कोड बिलावरून त्यांनी नेहरूंना लिहिलं, की या बाबतीत स्वतःच्या विवेकाने वागावंसं वाटतं. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांना विचारलं. दोघांचंही उत्तर एकच होतं: सल्ला बांधतो. तरी १९६० साली भारतीय विधी संस्थेच्या पायाभरणीला राजेंद्रबाबू पुन्हा म्हणालेच, की राष्ट्रपतींच्या अधिकारांचा कुणीतरी अभ्यास करावा.

या शंकेला हटवाद म्हणणं सोपं आहे. मला ती चांगल्या वाचकाची शंका वाटते. मजकूर समोर आहे, त्यात ‘बंधनकारक’ हा शब्द नाही, आणि वाचणारा त्याच मजकुराच्या जन्माच्या वेळी अध्यक्षस्थानी होता. नेहरूंचा अर्थ बरोबर होता, राजेंद्रबाबूंचं वाचन बारकाईचं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

इथे एक विषयांतर. ‘राष्ट्रपती’ हा शब्द घटनेने घडवला नाही. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्रपती म्हणत. १९३७ साली कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये ‘राष्ट्रपती’ याच नावाचा एक लेख आला, लेखक ‘चाणक्य’. जवाहरलालना फार डोक्यावर घेऊ नका, त्यांच्यात हुकूमशहा होण्याची बीजं आहेत, असा त्याचा सूर. पुढे उघड झालं की चाणक्य म्हणजे खुद्द जवाहरलाल. ज्याला या शब्दाच्या मोहाची स्वतःपासूनच भीती वाटली होती, त्याच्याच काळात तो शब्द वेगळ्या खुर्चीवर बसवला गेला, आणि सत्ता शेजारच्या खुर्चीवर. २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा ‘पती’वरून बराच काथ्याकूट झाला. सेनापतीत आणि कुलपतीत जो पती आहे तोच हा, नवरा नव्हे, हे सांगून सांगून व्याकरणाची मंडळी दमली.

न्यायालयांनी ७४ वं कलम कसं वाचलं हा रसिकांचा भाग आहे. १९७१ साली प्रश्न आला, की लोकसभा विसर्जित झाली म्हणजे इंदिरा गांधींचं पंतप्रधानपदही संपलं का? ७५ व्या कलमात तर मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, आणि लोकसभाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७४ च्या पहिल्याच क्रियापदावर बोट ठेवलं. मंत्रिमंडळ ‘असेल’. म्हणजे असायलाच हवं, सदैव. त्याच्या सल्ल्याशिवाय राष्ट्रपतींना एक पाऊल टाकता येत नाही. इतक्या बिनरंगी क्रियापदावर इतका भार टाकलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ७५ मध्येच आणखी एक जोडी आहे. एका उपकलमात मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. मर्जी या शब्दाला आपल्याकडे दरबाराचा वास आहे. मर्जी राखावी लागते, ती खप्पाही होते. आणि लगेच पुढचं उपकलम म्हणतं, मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार. पुढच्या ओळीने मागच्या ओळीतला दरबार उठवला. मग १९७४ साली पंजाबातल्या दोन कनिष्ठ न्यायाधिकाऱ्यांच्या नोकरीच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की राष्ट्रपती आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात. एवढा मोठा घटनात्मक सिद्धांत, आणि त्याचं निमित्त परिविक्षाधीन नोकरांची बडतर्फी.

त्यानंतर वर्षभरात, २५ जून १९७५ च्या रात्री, फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत. म्हणजे सहीमागे सल्ला होता तो एकट्या पंतप्रधानांचा. त्याच डिसेंबरात अबू अब्राहम यांचं एक व्यंगचित्र ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये आलं: राष्ट्रपती न्हाणीघरात टबात बसलेले, दाराच्या फटीतून सही केलेला कागद बाहेर देताहेत, आणि आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा म्हणताहेत. सेन्सॉरच्या काळात ते छापून आलं. आंबेडकरांच्या मोहोरेवरच्या चिन्हाला इतकं कडू उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नाही.

१९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ७४ व्या कलमात तो न लिहिलेला शब्द अखेर लिहिला. राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागतील. अर्थ तोच होता, न्यायालयांनी आधीच सांगितलेला. पण वाक्याचा तोल गेला. जोवर संकेत होता तोवर राष्ट्रपती सल्ला मानत होते, आता ते हुकूम पाळू लागले. कायदा म्हणून याने काय बदललं याची चर्चा वकील करोत, गद्य म्हणून हे वाक्य त्या दिवशी खाली उतरलं असं माझं मत आहे.

आणि मग १९७८ ची ४४ वी दुरुस्ती. तिच्यावर माझा जीव आहे. तिने ४२ वीतला शब्द पुसला नाही, फक्त एक परंतुक जोडलं. राष्ट्रपती मंत्रिमंडळाला त्या सल्ल्याचा फेरविचार करायला सांगू शकतील. फेरविचारानंतर जो सल्ला येईल त्यानुसार मात्र वागावंच लागेल. म्हणजे एकदा. एकदा विचारता येईल, ‘नक्की ना?’ लग्न ठरवताना घरातला वडीलधारा विचारतो तसं. त्याच्या हाती नकार नाही. पण तो विचारतो तेव्हा घरातल्या सगळ्यांना क्षणभर थांबावं लागतं. त्याच दुरुस्तीने आणीबाणीच्या ३५२ व्या कलमात लिहिलं, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करू नये. इंग्रजी घटनेत ‘कॅबिनेट’ हा शब्द फक्त इथेच येतो, एरवी सगळीकडे मंत्रिपरिषद, जिला मी इथवर मंत्रिमंडळच म्हणत आलो. जून १९७५ ची ती सकाळी सहाची बैठक या एका शब्दात आणि ‘लेखी’त गोठून राहिली आहे.

या ‘एकदा’चा उपयोग कसा झाला? के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातली राष्ट्रपती राजवटीची शिफारस गुजराल सरकारकडे परत पाठवली, १९९८ मध्ये बिहारची वाजपेयी सरकारकडे. दोन्ही वेळा सरकारने माघार घेतली. फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारची शिफारस पुन्हा आली तेव्हा त्यांनी सही केली. परंतुकाची दोन्ही पावलं एका माणसाच्या कारकिर्दीत दिसतात. विधेयकांच्या बाबतीतही तसंच. अब्दुल कलाम यांनी मे २००६ मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक संसदेकडे परत पाठवलं, संसदेने जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, ऑगस्टमध्ये त्यांनी सही केली. पण याच कलामांनी आदल्या वर्षी, मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना मध्यरात्री दिल्लीहून आलेल्या फॅक्सवर सही करून बिहारची विधानसभा विसर्जित केली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. त्या रात्री ‘नक्की ना?’ विचारायचं राहून गेलं. राजीनाम्याचा विचार मनात आला होता, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं.

झैलसिंगांची तऱ्हा आणखी न्यारी. १९८६ साली संसदेने टपाल कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. लोकांची पत्रं उघडण्याचे सरकारचे अधिकार तीत वाढवलेले होते. झैलसिंगांनी संमती दिली नाही, नाकारली नाही, परतही पाठवली नाही. कागद ठेवून दिला. तो कायदा कधी झालाच नाही. हे शक्य झालं १११ व्या कलमातल्या एका शब्दसमूहामुळे. विधेयक परत पाठवायचं तर ‘शक्य तितक्या लवकर’ पाठवावं, असं ते म्हणतं; तारीख देत नाही. ज्याने कधी सरकारी कचेरीच्या खिडकीवर ‘लवकरात लवकर होईल’ हे ऐकलं आहे, त्याला या शब्दांची लांबी माहीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राज्यपालांना आणि राष्ट्रपतींना मुदती घालून दिल्या. राष्ट्रपतींनी १४३ व्या कलमाखाली चौदा प्रश्न विचारले, आणि त्या नोव्हेंबरात अमरावतीच्या भूषण गवईंच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने मत दिलं, की न्यायालयाला अशी ठरीव मुदत घालता येणार नाही. घटनाकारांनी मोकळं सोडलेलं ते ‘लवकर’ मोकळंच राहिलं. मला हे मत पटतं आणि पटत नाही. झैलसिंगांच्या टपालाच्या वेळी ती मोकळी जागा कामी आली, एखाद्या राज्याने मंजूर केलेला कायदा तीन-तीन वर्षं तिच्यात पडून राहतो तेव्हा तीच जागा अडगळीची खोली होते.

७४ चं दुसरं उपकलम म्हणतं, मंत्र्यांनी राष्ट्रपतींना कोणता सल्ला दिला याची चौकशी कुठलंही न्यायालय करणार नाही. त्यामुळे सहीच्या आधी त्या वाड्यात काय बोलणं झालं, कुणी कुणाला किती वेळा ‘बघा बुवा’ म्हटलं, हे आपल्याला बहुतेक वेळा कळत नाही. आत्मचरित्रं येईपर्यंत नाही, आणि आली तरी त्यात सगळं नसतं.

या सगळ्या प्रकरणात राष्ट्रपती तृतीय पुरुषात आहेत. राष्ट्रपती नेमील, राष्ट्रपती बोलावील. फक्त ६० व्या कलमात ते ‘मी’ म्हणतात. शपथेत. मंत्र्यांच्या शपथेत संविधानाविषयी निष्ठा आहे. राष्ट्रपतींच्या शपथेत क्रियापद वेगळं आहे, ते संविधानाचं जतन, संरक्षण आणि बचाव करण्याचं वचन देतात. निष्ठा ठेवणारे मंत्री सल्ला देणार आणि राखण करणारे राष्ट्रपती तो मानणार. आणि शेजारच्याच ६१ व्या कलमात राष्ट्रपतींवर महाभियोगाचं एकमेव कारण म्हणून संविधानाचा भंग लिहिलेला. राखणदाराला सल्लाच संविधानाचा घास घेणारा वाटला तर त्याने काय करावं, हे ही तीन कलमं शेजारी शेजारी ठेवून कितीही वेळा वाचली तरी हाती लागत नाही. शपथेच्या इंग्रजी मजकुरात ‘मी’ नंतर नावाच्या जागी ‘ए. बी.’ अशी दोन अक्षरं छापलेली आहेत. बाकी सगळ्या कलमांत इंग्रजीला ‘ही’ हे पुल्लिंगी सर्वनाम पुरलं. मराठीत शपथ घ्यायची तर त्या दोन अक्षरांना ‘घेतो’ की ‘घेते’ ते उभं राहून, मोठ्याने, स्वतःच ठरवावं लागतं.